नियम फलकावर छापा

रविवारचं मैदान

सोयाबीन घरात येतं, शेतात तूर फुलायला लागते आणि वाशीम जिल्ह्यातल्या चौकाचौकांत कबड्डीचे फलक लागतात. रिसोड असो, मालेगाव असो, मानोऱ्याकडचे तांडे असोत की कारंजा-मंगरुळपीर रस्त्यावरची गावं, फलकावरचा मजकूर साधारण सारखाच. वर नेत्यांचे फोटो, मधे वजनगट, पहिलं-दुसरं-तिसरं बक्षीस, प्रवेश फी, मंडळाच्या पोरांचे मोबाइल नंबर. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’

सामने कोणत्या नियमांनी खेळवले जाणार, हे मात्र त्या फलकावर कुठेच नसतं.

‘आपल्या खेळातला कोणता नियम बदलावा?’ हा प्रश्न मैदानाच्या दोरीला टेकून उभ्या असलेल्या माणसांना विचारला, की उत्तरांना तोटा नसतो. कुणाला तिसऱ्या चढाईची सक्ती नको असते, कुणाला बोनस बंद हवा असतो, कुणाला वजनगटातली लबाडी थांबायला हवी असते. या मागण्यांत तथ्य आहे आणि त्यातल्या काहींकडे मी पुढे येणारच आहे. पण माझ्या मते पहिली मागणी या सगळ्यांच्या आधीची आहे. नियम कोणताही ठेवा, तो एक असू द्या, लिहिलेला असू द्या आणि पहिल्या शिट्टीच्या आधी खेळाडूला आणि प्रेक्षकाला ठाऊक असू द्या. हे एवढं साधं वाटणारं काम झालं नाही तर काय होतं, ते आपण आशियातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर पाहिलं आहे.

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, घड्याळात जेमतेम एक मिनिट. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श होण्याआधी त्याचा पाय मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, म्हणजे लॉबीत पडला. त्याला धरायला इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत शिरले. आता बाद कोण? झटापट झाल्याशिवाय लॉबी मैदानात धरली जात नाही. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत गेलेला प्रत्येक जण बाद, म्हणजे चढाईपटूसोबत त्याच्यामागे गेलेले बचावपटूसुद्धा. नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद, बाकीचे सुरक्षित. एकाच खेळाचे दोन नियम, आणि सुवर्णपदकाच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला प्रश्न पडला की आज यातला कोणता लागू आहे! पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. सामना जवळपास तासभर थांबला. अखेर निकाल भारताच्या बाजूने लागला आणि आपण ३३-२९ असे जिंकलो.

सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण पाच हजार वर्षांचा वारसा सांगणाऱ्या खेळाला आपल्याच मैदानाच्या कडेचा एक मीटरचा पट्टा कुणाचा, हे ठरवायला तासभर लागावा, ही गोष्ट कबड्डीवर जीव असणाऱ्या कुणालाही बोचणारी आहे. त्या दिवशी इराणच्या बाजूने निर्णय गेला असता, तर आपण गप्प बसलो असतो का?

आता याच्या शेजारी आपल्या विदर्भाचा एक निकाल ठेवून पाहा. २०२४-२५च्या मोसमात विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. आपल्या पहिल्या डावात ३७९ धावा, केरळच्या ३४२. दानिश मालेवारच्या १५३ धावा आणि दुसऱ्या डावातलं करुण नायरचं शतक कितीही देखणं असलं, तरी कागदावर करंडक आला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. केरळही त्याच वाटेने अंतिम फेरीत पोचला होता. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना त्यांनी २८१ने उत्तर दिलं, एका धावेने पुढे. उपांत्य सामन्यात त्यांच्या ४५७ धावा, गुजरातच्या ४५५. गुजरातची शेवटची जोडी मैदानात असताना नागवासवालाचा फटका जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने तो झेलला. गोलंदाज होता आदित्य सरवटे, आपल्याच विदर्भाला आधी दोन करंडक मिळवून देणारा आणि त्या मोसमात केरळकडून खेळणारा.

क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल पूर्वी धरत नसत. १ ऑक्टोबर २०१७पासून क्रिकेटच्या कायद्यात बदल झाला आणि तो झेल ग्राह्य ठरला. बदल आधी छापला गेला, तारीख ठरली, त्या तारखेपासून सगळीकडे लागू झाला. म्हणून २०२५मध्ये गुजरातचं अंतिम फेरीचं स्वप्न त्या एका उसळीवर मोडलं, तरी ‘हा नियम कुठून आला?’ असं विचारायची वेळ कुणावर आली नाही. हळहळ झाली, भांडण झालं नाही. पहिल्या डावाच्या आघाडीचंही तेच. हा नियम मला मनापासून पटत नाही. पाच दिवस खेळून दोन धावांनी एखाद्या संघाला घरी पाठवण्यात न्याय कमी आणि सोय जास्त आहे. निदान अंतिम सामन्याला, निकाल लागत नसेल तर सहावा दिवस मिळावा, असं क्रिकेट पाहणाऱ्या पुष्कळांना वाटतं आणि मलाही वाटतं. आपल्याला करंडक मिळाला म्हणून नियम चांगला, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण तो नियम दोन्ही संघांना मोसमाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्यामुळे केरळ हरलं, फसवलं गेलं नाही.

हरणं आणि फसवलं जाणं यातला हा फरक आपल्या गावच्या मैदानांवर रोज पुसला जातो.

आपल्याकडच्या एखाद्या गावात रात्री अकराच्या सुमाराला काय चालतं, ते या जिल्ह्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, हा नियम प्रो कबड्डीने २०१४पासून घरोघरी पोचवला. गावातली पोरं तोच खेळ पाहून मोठी झाली. पण या मंडळाच्या स्पर्धेत तो नियम लागतो, पलीकडच्या गावात लागत नाही. तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला इथे दोन गुण मिळतात, तिथे एकच. लॉबीचं तर विचारूच नका. मग अर्ध्या सामन्यात ओरडा सुरू होतो : “काहून बा, टीव्हीवर त असं नसते!” पंच म्हणून उभे असतात जवळच्या शाळेतले पीटीचे सर. ते आपल्या आठवणीप्रमाणे निर्णय देतात, मंडळाचा एखादा दादा त्यांच्या कानाशी लागतो, बाहेरगावचा संघ बॅगा उचलतो. “सर, हे त पयलेच सांगाले पायजे होतं,” हे वाक्य ऐकू आलं नाही, अशी स्पर्धा विरळा.

त्या पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. पयलेच सांगाले पायजे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. गावचा खेळ गावच्या रीतीने चालू द्या, पुस्तकात बांधलात तर त्यातला जीव जाईल. हे उत्तर मनापासून देणारी जुनी माणसं आहेत, म्हणून त्यांचा मान ठेवून सांगतो की कबड्डीचा इतिहास याच्या उलट आहे. हुतुतू गावोगाव वेगळा होता. बाद झालेला गडी परत जिवंत होतो तो संजीवनी, सगळे बाद होईपर्यंत बाहेरच बसतो तो गामिनी, बाद झाला तरी मैदान सोडत नाही तो अमर, असे प्रकार होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमी मंडळींनी बसून नियम लिहायला घेतले. १९३६ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीसह देशी खेळ जगाला दाखवले. १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांच्यासारख्या माणसांनी हयात घालवली, तेव्हा १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. संजीवनी पद्धत निवडली गेली म्हणून बाद झालेला गडी परत येतो, लोण चढतो, सामना शेवटच्या मिनिटापर्यंत जिवंत राहतो. आज आपण ज्याला खेळातला जीव म्हणतो, तो कुणीतरी विचार करून लिहिलेल्या नियमातूनच आला आहे. वाशीमच्या पोरापर्यंत ते लिहिलेलं पोचत नसेल, तर काम अर्धवट राहिलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खो-खोतही हीच दरी पडते आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे ही दोन मराठी नावं कर्णधार म्हणून देशभर पोचली. पडद्यावर पोरींनी कोणत्याही दिशेला पळू शकणारा ‘वझीर’ पाहिला. शाळेच्या मैदानावर त्यांना पीटीचे सर जुन्या नियमांचा खेळ शिकवतात, कारण शालेय स्पर्धेत तोच खेळवला जातो. खेळ बदलतो आहे याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की बदल दूरचित्रवाणीवरून कळतो आणि शाळेला त्याचं साधं परिपत्रकही वेळेत मिळत नाही.

आता बाकीच्या मागण्या. माझ्या यादीत वजनकाटा वर आहे. आपल्याकडे खुल्या गटाबरोबर वजनगटाच्या स्पर्धा भरतात, कारण बारीक चणीच्या पोरांनाही मैदान मिळावं. हेतू उत्तम. राष्ट्रीय पातळीवरही पुरुषांना ८५ किलो आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा आहेच. पण गावात काटा कुठला असतो? कधी किराणा दुकानातला, कधी सोयाबीन मोजायचा. संध्याकाळी वजन होतं आणि सामना मध्यरात्रीनंतर. तेवढ्या एका आकड्यासाठी पोरं दिवसभर जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, जाड स्वेटर घालून पळतात आणि मग त्याच सुकलेल्या अंगाने चढाईला जातात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ला विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि तिला स्पर्धेतूनच बाद केलं, आदल्या दिवशी जिंकलेल्या लढतींचं रौप्यसुद्धा दिलं नाही. तेव्हा अख्खा देश म्हणाला की हा नियम बदला, आदल्या दिवशी योग्य वजनावर जिंकलेलं हिरावून घेऊ नका. मलाही तेच वाटतं. पण विनेशसाठी हळहळणाऱ्या आपण आपल्या गावातल्या उपाशी पोराकडे पाहणार की नाही? माझी मागणी अशी : वजन सगळ्यांसमोर, चांगल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, सामन्यांच्या आधी एकदाच व्हावं. शाळकरी पोरांना वजन घटवायला लावणारा संघ स्पर्धेबाहेर काढावा. आणि लहान मुलांसाठी वजनगटाऐवजी वयोगट असावा, त्यासाठी शाळेचा दाखला पाहावा.

दुसरी मागणी दमाची. एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं, हा या खेळाचा प्राण. आता ३० सेकंदांचं घड्याळ आलं. मोठ्या सामन्यांत घड्याळ हवंच, त्याला विरोध नाही. पण घड्याळ आलं म्हणून दम गेला, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही. चढाईपटूने स्पष्ट आवाजात दम घातला पाहिजे, हे पुस्तकात आजही आहे. पंच ते पाहत नाहीत, आणि आपले पोरगे तोंड मिटून चढाई करून येतात. यासाठी नवा नियम नको. आहे तो वाजवा. एका मोसमात दोन-चार चढाया बाद ठरल्या की मैदानावर पुन्हा आवाज घुमेल.

तिसरी मागणी निर्णयाच्या पडताळणीची. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या मैदानात चीतपटीच्या निर्णयावरून वाद पेटला, पंचाला लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याची बाजू कुणीही घेऊ नये, मीही घेत नाही. पण लाखो लोक मोबाइलवर तोच क्षण पुन्हा पुन्हा पाहत असताना आखाड्यातल्या पंचाला तो पाहण्याची ठरलेली, लेखी पद्धत नसेल, तर आपण पंचालाही एकटं पाडतो. गावच्या कबड्डीत तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मंडळाने एक मोबाइल मध्यरेषेवर आणि एक शेवटच्या रेषेवर तिपाईवर लावावा. प्रत्येक संघाला सामन्यात एकदा दाद मागता यावी. दाद फेटाळली गेली तर संधी संपली. खर्च जवळपास शून्य. पीटीच्या सरांच्या अंगावर धावून जाणारी गर्दी मात्र निम्मी कमी होईल. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ या ओळीला मान हवा असेल, तर पंचाला नीट पाहण्याची संधी आधी द्या.

चौथी मागणी मुलींची, आणि ती शेवटी सांगतो आहे म्हणून हलकी समजू नका. हांगझोऊला पुरुषांचा तो गोंधळ झाला, त्याच दिवशी आपल्या महिला संघाने चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण घेतलं होतं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये ढाक्यात आपल्या मुलींनी विश्वचषकही जिंकला. आणि आपल्या जिल्ह्यात? शाळेच्या स्पर्धेत जीव तोडून खेळणारी मुलगी दहावी-बारावी झाली की तिला मैदानच राहत नाही, कारण गावोगावच्या फलकांवर महिला गट क्वचितच असतो. असला तर सामने रात्री उशिरा आणि बक्षीस मुलांच्या मानाने नावापुरतं. त्यामुळे माझा नियम सरळ आहे. ज्या स्पर्धेला आमदार निधी, ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्थेचा पैसा लागतो, तिथे मुलींचा गट असलाच पाहिजे, त्यांचे सामने दिवसाउजेडी झाले पाहिजेत आणि बक्षीस मुलांइतकंच असलं पाहिजे. नसेल तर पैसा देऊ नये.

हे सगळं कोण करणार? राष्ट्रीय महासंघाचा कारभार काही वर्षं न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरून सगळं सुरळीत होऊन नियमपुस्तक आपल्या दारात येईल, म्हणून थांबण्यात अर्थ नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, अंतरं आवाक्यातली, सगळे पंच एकमेकांना नावाने ओळखणारे. मोठ्या जिल्ह्यांना जड जाईल ते इथे सहज जमण्यासारखं आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, कबड्डीची जिल्हा संघटना आणि तालुक्यातले क्रीडाशिक्षक यांनी दिवाळीच्या आधी एक दिवस जिल्हा क्रीडा संकुलात बसावं. महासंघाचे चालू नियम सोप्या मराठीत चार पानांत उतरवावेत. तिसरी चढाई, लॉबी, बोनस, पकडीचे गुण, बरोबरी झाल्यास काय, वजन कधी, दाद किती, एवढ्या गोष्टी त्यात आल्या तरी निम्मी भांडणं मिटतील. त्या बैठकीला खेळाडूंना बोलवा, आणि दोरीपलीकडे उभा राहून वर्षानुवर्षं खेळ पाहणाऱ्या चार प्रेक्षकांनाही बोलवा. नियमात कुठे फट आहे, ते त्यांना आधी कळतं. एकदा ठरलं की मोसम संपेपर्यंत त्यात बदल नको, अगदी यजमान गावाचा संघ अंतिम फेरीत असला तरी नको.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही रात्र-रात्र जागून मैदान आखता, माती चाळता, दिवे लावता, वर्गणी गोळा करता. तुमच्या कष्टांमुळेच या जिल्ह्यात कबड्डी टिकून आहे. आता फलकावरचा एखादा फोटो कमी करा आणि तिथे नियम छापा. आणि खेळणाऱ्या पोरापोरींनो, तुम्हालाही सांगणं आहे. ज्या फलकावर नियम नसतील, तिथे प्रवेश फी भरण्याआधी ते लेखी मागा. मागणं हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. एका संघाने मागितले तर मंडळ हसेल, दहा संघांनी मागितले तर छापावेच लागतील.